सफाईबहाद्दर

सॉफ्टवेअरच्या कुठल्याही कचेरीत एक सफाईबहाद्दर असतोच. हिंजवडीत असतो तसा सिअ‍ॅटललाही असतो. त्याच्या टेबलावर कालच्या चहाचे कप सुकलेले असतात, खणात आता कुठल्याच फोनला न लागणारे चार्जर एकमेकांत गुंतलेले असतात, पण लॅपटॉपमध्ये एक फाइल विनाकारण पडून असलेली त्याला खपत नाही. रिसायकल बिन तो येता-जाता रिकामा करतो. शेजारच्याने ‘मशीन जरा अडतंय रे’ एवढं म्हणायचा अवकाश, हा खुर्चीसकट घरंगळत येतो. ‘सरक जरा. डॉट गिट फोल्डर बघितलास का किती फुगलाय?’ शेजाऱ्याने तो बघितलेला नसतो. तो बघायचाच नसतो, म्हणून तर त्याच्या नावाआधी टिंब देऊन त्याला लपवलेलं असतं. पण लपवलेल्या जागी घाण असणारच, यावर आपल्या गृहस्थाची श्रद्धा आहे.

माझं म्हणणं असं, की हा माणूस जे झाडतो त्याला त्याच्या झाडण्याची फारशी गरज नसते आणि जिथे गरज असते तिथे तो फिरकत नाही. हे चिडून म्हणत नाही. पुरावा त्या फोल्डरातच आहे. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट लिहिलं. त्याची रीत अशी, की फाइलची प्रत्येक नवी आवृत्ती आधी सुटी, अख्खी, दाबून ठेवायची. अशा सुट्या वस्तू साठत जातात, हे खरंच आहे. पण त्या आवरायची सोयही गिटमध्येच आहे आणि ती कुणी न सांगता अधूनमधून चालते. सुट्या वस्तू साधारण ६७०० च्या वर गेल्या की गिट आपणहून आवराआवर काढतं. त्यासाठी ते सगळ्या वस्तू मोजत बसत नाही. दोन अक्षरी नावांचे २५६ कप्पे असतात, त्यांतल्या ‘१७’ नावाच्या एकाच कप्प्यात ते डोकावतं आणि तिथे २७ पेक्षा जास्त फायली दिसल्या की घर भरलं असं समजतं. शितावरून भाताची परीक्षा! कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात जाणार हे तिच्या मजकुरावरून काढलेल्या हॅशवरून ठरत असल्यामुळे सगळे कप्पे सारखेच भरत जातात आणि ही परीक्षा सहसा फसत नाही. सफाईबहाद्दराला मात्र ‘आपोआप’ या शब्दाचाच संशय. आपोआप झालेल्या सफाईत बघणाऱ्याला काय मिळणार?

म्हणून तो स्वतः ‘गिट जीसी’ ही आवराआवरीची आज्ञा चालवतो, आणि त्याला ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ ही पुरवणी जोडतो, कारण सौम्यपणे केलेली सफाई ही सफाईच नव्हे. लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागतो, आकडे सरकू लागतात, आसपासचे दोघंतिघं जमतात. शेवटी फोल्डरचा आकार घटलेला दिसतो आणि तो विजयी मुद्रेने म्हणतो, ‘केवढा कचरा होता बघ!’ मौज अशी, की कचरा बहुतेक वेळा नसतोच. गिटने त्या सुट्या वस्तू एका गठ्ठ्यात बांधल्या. सारख्या दिसणाऱ्या आवृत्त्यांपैकी एक अख्खी ठेवली आणि बाकीच्यांचे फक्त फरक लिहून ठेवले. टाकलं जवळजवळ काहीच नाही. जागा मिळाली ती घडी घातल्यामुळे, आणि श्रेय मात्र फेकण्याला गेलं. शिवाय ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ने आधीची बांधाबांध मोडून सगळे फरक पुन्हा नव्याने शोधले जातात. हे काम एकदा झालं की बराच काळ टिकतं, रोज करण्याजोगं नाही. खुद्द टोरवाल्ड्सनेच २००७ साली जीसीसी या कंपायलरच्या मंडळींना या पुरवणीच्या नादी न लागण्याचा सल्ला दिला होता. पण इतका सावध सल्ला ऐकेल, तर तो बहाद्दर कसला?

इथवर फार तर वीज वाया गेली. खरा घोटाळा कचऱ्याच्या व्याख्येत आहे. गिटच्या लेखी कचरा म्हणजे ज्या वस्तूपर्यंत कुठल्याही शाखेवरून, खुणेवरून किंवा हालचालींच्या नोंदवहीतून पोचता येत नाही ती वस्तू. आपल्या गृहस्थाच्या लेखी कचरा म्हणजे ज्या फाइलचं नाव त्याला ओळखू येत नाही ती. गिटला माणसाच्या धांदरटपणाची इतकी खात्री आहे, की अनाथ झालेली सुटी वस्तूही ते दोन आठवडे राखून ठेवतं, आणि नोंदवहीतल्या नोंदी ९० दिवस, शाखेपासून तुटलेल्या असल्या तरी ३० दिवस जपतं. चुकून उडवलेलं काम त्या मुदतीत परत मिळतं ते याच तथाकथित अडगळीतून. सफाईबहाद्दराकडे मात्र दोन आज्ञांची एक जोडगोळी पाठ असते: पहिलीने सगळी नोंदवही आत्ताच्या आत्ता पुसायची, दुसरीने अनाथांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढायचं. पहिलीच्या तडाख्यात ‘स्टॅश’मध्ये बाजूला ठेवलेल्या अर्ध्या कामांची यादीही जाते, हे त्याला ठाऊक नसतं. ज्याची कामं गेली त्याला संध्याकाळपर्यंत ठाऊक होतं.

यावर कुणी म्हणेल, सगळंच सॉफ्टवेअर इतकं शहाणं नसतं. मान्य. गिटच्याच कामाचं सबव्हर्जन घ्या. ते प्रत्येक फाइलची एक कोरी प्रत डॉट एसव्हीएन फोल्डरात ठेवतं, त्यामुळे जागा जवळपास दुप्पट लागते, आणि २०११ च्या १.७ आवृत्तीपासून जुन्या, कुणालाच नको असलेल्या कोऱ्या प्रती ‘क्लीनअप’ म्हणेपर्यंत तशाच साठून राहतात. इथे झाडू मारणं रास्तच. पण सबव्हर्जन वापरण्यासाठीच्या टॉर्टॉइज एसव्हीएनची क्लीनअपची खिडकी उघडा: कोऱ्या प्रती झाडण्याच्या चौकटीच्याच शेजारी सगळे बदल रद्द करण्याची आणि नोंद नसलेल्या फायली उडवण्याची चौकटही आहे. एक चौकट टिचकवून थांबणं हे सफाईबहाद्दराच्या स्वभावातच नाही. उडवलेलं रिसायकल बिनमध्ये सापडेल, असं त्याला कुणी सांगू नये. बिन त्याने लगेच रिकामा केलेला असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लॅपटॉपच्या डिस्क खरंच भरतात, मग माणसाने काय करावं? करावं की, पण भरल्या कशाने ते आधी बघावं. मोठ्या फायलींसाठीच्या एलएफएस या गिटच्या जोडसाधनाने आणलेल्या जुन्या प्रती डॉट गिटमध्येच साठतात आणि त्या सहसा आपणहून जात नाहीत. त्याचं ‘प्रून’ चालवावं लागतं, आणि सर्व्हरवर न चढवलेली प्रत ते काढतही नाही. म्हणजे निर्धोक आणि उपयोगी. नेमकी हीच आज्ञा सफाईबहाद्दराच्या ठेवणीत नसते. कुणीतरी कधीकाळी प्रशिक्षणाचा व्हिडिओ गिटमध्ये टाकून दुसऱ्या दिवशी काढलेला असतो. तो इतिहासात पोचण्याजोगाच राहतो, म्हणून कितीही जीसी करा, हलत नाही. त्याला घालवायचं तर इतिहास नव्याने लिहायचा, आधी सगळ्यांना विचारायचं, नंतर सगळ्यांना नव्याने क्लोन करायला लावायचं, दोनचार जणांची बोलणी खायची. गिटच्या सुट्या वस्तूंना मालक नसतो. व्हिडिओला असतो, आणि तो बहुधा वरच्या मजल्यावर बसतो. विचारावं लागणार नाही तेवढीच सफाई करायची, एवढं एक पथ्य मात्र सफाईबहाद्दर कसोशीने पाळतो.

त्याच्या स्वतःच्या शाखांची यादी काढून बघावी. ‘टेस्ट’, ‘टेस्ट-नवं’, ‘फायनल’, ‘फायनल-खरंच’, आणि ज्या ग्राहकाने काम कधीच थांबवलं त्याच्या नावाची एक. यांतली एखादी जरी शिल्लक असली तरी तिच्यामागच्या सगळ्या वस्तू गिटच्या हिशेबी जिवंत, आणि कुठलाही अ‍ॅग्रेसिव्हपणा त्यांना हात लावत नाही. या शाखा काढून टाक म्हटलं, तर तो खुर्ची मागे घेत म्हणतो, ‘असू दे रे, कधीतरी लागतील.’