माणशी नऊ सेकंद

28 जानेवारी 1985 च्या रात्री हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत टंचाईसदृश परिस्थिती होती. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी गाणं रेकॉर्ड करायचं होतं. गायक चाळीसच्या वर आणि गाणं जेमतेम सात मिनिटांचं. आणेवारी काढली असती तर माणशी नऊ-दहा सेकंद भरले असते. टंचाईग्रस्त कोण, तर मायकेल जॅक्सन, लायनेल रिची, डायना रॉस, रे चार्ल्स, बॉब डिलन. बरीच मंडळी पुरस्कार सोहळा आटोपून थेट आली होती. गाण्याचा निर्माता क्विन्सी जोन्सने दारावर पाटी लावली होती की आपापला अहंकार बाहेर ठेवून आत यावे. (चपलांबद्दलच्या अशा पाट्या आपण रोज वाचतो. त्या किती जण पाळतात तेही बघतो.)

आत जमिनीवर चिकटपट्टीने नावं लावून प्रत्येकाची जागा ठरवलेली, म्हणजे लग्नाच्या पंगतीत होतो तसा मानपानाचा तंटा नको. वीस-एकवीस जणांच्या वाट्याला स्वतंत्र ओळ आली, कुणाला अर्धीच. बाकीचे कोरसमध्ये. या कोरसमध्ये बॉब गेल्डॉफही उभा होता, ज्याने ही टूम दोन महिन्यांपूर्वी लंडनात काढली तोच. वाटप सकाळपर्यंत चाललं. उपासमारीने कुणी दगावल्याची नोंद नाही.

मध्येच स्टिव्ही वंडरला वाटलं, थोडं स्वाहिलीत गाऊ या. ते ऐकून वेलन जेनिंग्जने घरचा रस्ता धरला. मग कुणीतरी सांगितलं की इथिओपियातले लोक स्वाहिली बोलत नाहीत. भूक आफ्रिकेची म्हटल्यावर भाषाही आफ्रिकेची, एवढा सरळ हिशेब होता बिचाऱ्यांचा.

लंडनकरांचा हिशेब याहून सरळ. 23 ऑक्टोबर 1984 ला बीबीसीवर मायकेल बर्कने इथिओपियातल्या कोरेमच्या छावणीतली उपाशी माणसं दाखवली. गेल्डॉफ हलला, हे खरं. त्याने आणि मिज यूरने गाणं रचलं आणि 25 नोव्हेंबरला नॉटिंग हिलच्या स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं. बॉय जॉर्ज न्यूयॉर्कहून कॉन्कॉर्डने आला. गाण्याच्या शीर्षकातच प्रश्न होता: त्या लोकांना नाताळ आल्याचं ठाऊक तरी आहे का?

इथिओपियाचा राजा एझाना ख्रिस्ती झाला तो चौथ्या शतकात. पोपने धाडलेला धर्मोपदेशक ऑगस्टीन इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला 597 साली. तेव्हा ठाऊक होतं हो त्यांना. फक्त त्यांचा नाताळ 7 जानेवारीला येतो, आणि तोवर रेकॉर्डचा हंगाम संपतो. गाण्यात तिथल्या नद्याही आटवून टाकल्या होत्या. निळी नाईल मात्र ताना सरोवरातून निघून खाली सुदानकडे वाहत राहिली. तिला कुणी चाल ऐकवली नसावी.

या सगळ्यावर थॅचरबाईंचं सरकार मूल्यवर्धित कर लावून मोकळं झालं. भुकेल्याच्या नावाने विकलेली रेकॉर्ड असली तरी रेकॉर्ड ती रेकॉर्डच. बोभाटा झाला तेव्हा तेवढीच रक्कम मदत म्हणून परत दिली.

मी हसतोय, पण पैसा खरा होता. ब्रिटनमध्ये तीस लाखांवर प्रती खपल्या, अमेरिकेच्या गाण्याने सहा कोटी डॉलरच्या वर जमवले, आणि त्यातून आलेलं धान्य ज्याच्या तोंडी लागलं त्याने गाणं बेसूर आहे का हे विचारलं नाही. विचारायचं ते इथिओपियाच्या हुकूमशहाला, मेंगिस्तू हैले मरियमला होतं. पाऊस हुकला होताच. पण तिग्राय आणि एरित्रियातल्या बंडखोरांशी त्याच्या फौजा लढत होत्या आणि युद्धात शेती-बाजार होरपळत होते. सप्टेंबर 1984 मध्ये उत्तरेत माणसं मरत असताना राजधानीत क्रांतीचा दहावा वाढदिवस थाटात साजरा झाला. पुढे उत्तरेतल्या लाखो लोकांना पुनर्वसनाच्या नावाखाली दक्षिणेत हलवलं, अनेकांना बळजबरीने. फ्रेंच डॉक्टरांच्या एमएसएफ या संस्थेने त्यावर तोंड उघडलं, तर 1985 संपता संपता तिलाच देशाबाहेर काढलं. मेंगिस्तूला यमक जुळत नाही, त्यामुळे तो दोन्ही गाण्यांतून सुटला.

लंडनचं गाणं अजून चालू आहे. 1989, 2004, मग 2014. शेवटच्या वेळी कारण इबोलाचं, शब्द थोडे बदललेले, शीर्षकातला प्रश्न तोच. आणि विचारला कुणाला, तर ज्यात बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत त्या लायबेरियाला. घानावंशीय गायक फ्यूज ओडीजीने गायला नकार दिला. 2024 मध्ये तर स्टुडिओ भरवायचीही गरज उरली नाही. जुन्या तीन आवृत्त्यांतले आवाज यंत्रावर एकत्र करून नवं मिश्रण काढलं. एड शीरन म्हणाला, मला कुणी विचारलंच नाही, विचारलं असतं तर नको म्हणालो असतो. त्याची ओळ राहिली ती राहिलीच.