‘सुटली’ म्हणजे काय?

“वैनी, ह्या शेवग्याच्या शेंगा धर. आणि ऐक, आमच्या ताईची लेक आली होती ना, तिच्या कंपनीत लोकलचं नवं ॲप करतायत. मला म्हणे, मावशी, तुझी मुलाखत घ्यायचीय.”

“तुझी? काय विचारलंन?”

“नकाशा आवडेल का? म्हटलं, आवडेल. गाडी हलताना दिसली तर? छानच. महिन्याचे पैसे भरशील? भरीन की.”

“भरशील? तू कोथिंबिरीच्या जुडीला घासाघीस करतेस!”

“पोरीच्या तोंडावर नाही कसं म्हणणार? पण तीही खमकी. वही मिटलीन नि म्हणाली, उद्या पहाटे नुसती बसते, काही विचारत नाही. मी डबा भरला, चहा घेतला, तोवर फोन आला.”

“आपल्या आधी सफाळ्याला चढते ती?”

“तीच. एकच शब्द, ‘सुटली’. तशी मी चपला घातल्या. गाडी खाडी ओलांडून येईस्तोवर मी फलाटावर.”

“मग? रोजचंच आहे ते.”

“पोरीला मात्र घबाड मिळालं! म्हणे, मावशी, तुला नकाशा नकोच आहे, तो शब्द हवाय. अंधेरीला एक चुकली की मागून दुसरी. इथे चुकली की बसा माश्या मारत.”

“2013ला डहाणू लोकल आली तेव्हा वाटलेलं, सुटलो एकदाचे!”

“आणि ॲपचं म्हणशील तर ते एम-इंडिकेटर आहे ना, सचिन टेके यांनी 2010ला काढलेलं? त्यातही म्हणे वेळापत्रकाशेजारी प्रवाशांच्या गप्पा असतात, गाडी कुठे अडकलीय ते गाडीतलेच कळवतात.”

“मग झालं की हिचं ॲप!”

“छे. एका मावशीवर भागत नाही म्हणाली. वाढीवला जाऊन आली.”

“बाई गं! ते लोक तर रेल्वेच्या पुलावरून चालत स्टेशन गाठतात.”

“तेच तर. मला ‘सुटली’ म्हणजे ‘नीघ’. त्यांना ‘सुटली’ म्हणजे ‘थांब, पुलावर पाय ठेवू नको’. शब्द एकच, पण घोळ झाला तर माझी गाडी चुकेल, त्यांचा जीव जाईल. आता साहेबांना म्हणाली, नकाशा राहू दे, आधी हे सोडवू.”

“साहेब काय म्हणाले?”

“आणखी दहा घरं फीर म्हणाले. काल सफाळेवालीकडे गेली. तिला विचारलंन, गाडी येतेय हे तुम्हाला कोण सांगतं?”

“कोण सांगतं?”

“केळव्याला चढणारी.”

“आणि तिला?”

“वैनी, डहाणूपर्यंत नेऊ नकोस मला. शेंगा शिजायच्यात.”