नलवत्तु, नलवत्तेरडु

माणसाला थोडीफार व्युत्पत्ती येत असेल, तर त्याला टेलरच्या दुकानात एकटं पाठवू नये. मला पाठवलं, तेही खजुरीत आणि दाजींच्या पुतण्याच्या हळदीच्या आदल्या दिवशी. कारण सोबत आणलेल्या पँटचं बटण आणि काजं यांचं आता पटत नव्हतं.

खजुरी कलबुर्गी जिल्ह्यातलं, आळंद तालुक्यातलं सीमेलगतचं गाव. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली, जिभांची कुणी केली नाही. इथं गिऱ्हाईक मराठीत भाव विचारतं, मास्तर कन्नडमध्ये माप घेतात आणि उधारी उर्दूत नाकारली जाते.

वही लिहिणारा पोरगा चहा सांगायला गेला होता. मी पेन उचललं.

"कन्नड आकडे येतात न्हवं, सर?" मास्तरांनी गळ्यातली टेप काढली.

"म्हणजे काय!" युरोपभर शिंप्याला काय काय म्हणतात ते तोंडपाठ असलेल्या माणसाला आकड्यांचं काय!

टेप कमरेला लागली आणि माझं तोंड सुटलं. इंग्रजांचा टेलर आला फ्रेंचमधून. तिथं 'ताय्ये' म्हणजे कापणं. जर्मनांचा श्नायडर म्हणजे कापणारा, हंगेरीचा साबो म्हणजे कापणारा, पोलंडचा क्राव्येत्सही कात्रीवालाच. आपला 'रिटेल' हासुद्धा त्याच फ्रेंच कात्रीखालून पडलेला तुकडा. याउलट अरबांचा खय्यात हा शिवणारा. अरबांबरोबर तो पार पोर्तुगालला पोचला आणि तिथं 'आल्फायात' झाला. मास्तर, तुमचा 'दर्जी'ही फारसी, 'दर्ज' म्हणजे शिवण. त्यांनी कात्री पाहिली, इकडच्यांनी सुई!

मास्तर टेप खाली सरकवत पुटपुटले, "सीट, नलवत्तेरडु."

मी तेव्हा लॅटिनमध्ये होतो. 'नलवत्तु' ऐकू आलं. शेपटीचं 'एरडु' माझ्याच आवाजाखाली चेंगरलं. बेचाळीसच्या जागी मी ठसठशीत चाळीस लिहिलं आणि बोलत राहिलो. लॅटिनमधला सार्तोर म्हणजे फाटकं सांधणारा. इटलीचा सार्तो नि स्पेनचा सास्त्रे त्याचेच वंशज. फ्रान्सचा तो तत्त्वज्ञ सार्त्र, १९६४ चं नोबेल नाकारणारा, तोही आडनावानं शिंपीच.

मास्तरांनी पहिल्यांदाच मान वर केली. "पैसे पण नाकारले?"

"पैसे पण."

"मग नुसता आडनावाचाच."

पँट लग्नाच्या सकाळी आली. ट्रायलला वेळ नव्हता. उभ्यानं ती झकास दिसत होती, म्हणून मी अक्षता पडेपर्यंत उभाच राहिलो. लोकांना वाटलं, पाहुणे फार धावपळ करतायत.

मग पंगत. युरोपातले शिंपी पूर्वी टेबलावर चढून मांडी घालून शिवत. त्यामुळे फ्रेंच माणूस मांडी घालून बसण्याला 'शिंप्यासारखं बसणं' म्हणतो, जर्मन त्यालाच 'श्नायडरझिट्स' म्हणतो, आणि आपल्या मांडीतल्या सर्वांत लांब स्नायूचं नाव 'सार्टोरियस' आहे. ही माहिती शेजारच्या आजोबांना देत मी शिंप्यासारखा बसलो. पानात हुग्गी पडत होती. वाढप्या क्षणभर थांबला, मागे बघितलं आणि पळी तशीच धरून म्हणाला, "काय फाटलं वो?"

शिवण फाटली नव्हती. मास्तरांची शिवण जागची हलली नव्हती. तिच्या शेजारचं कापड हातभर टरकलं होतं.

दाजींचं उपरणं कमरेला गुंडाळून मी दुकान गाठलं. मास्तरांनी वही उघडून माझ्या अक्षरातल्या चाळीसवर बोट ठेवलं, काही बोलले नाहीत, आणि आतून ठिगळ लावून मशीनवर बसले. मी उपरणं सावरत उभा. चहावाल्या पोराला मात्र हसू आवरेना.

"ह्याला तुमच्या लॅटिनमध्ये काय म्हणालात?"

"सार्तोर."

"बरं. नलवत्तु."

आता 'एरडु' सोडायची माझी तयारी नव्हती. मी बेचाळीस रुपये मोजून दिले. मास्तरांनी दोन परत केले.