‘इनिशिअलाइज’ दाबणाऱ्यास खुले पत्र

महाशय,

तुमचं नाव मला माहीत आहे. ते इथे लिहीत नाही. सांगलीच्या एका फोटो स्टुडिओत जुन्या सर्व्हरमधल्या चार हार्ड डिस्क तुम्ही नव्या मशिनमध्ये बसवल्यात. त्याच डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळून स्टुडिओचे मालक डेटा परत काढून घ्यायला माझ्याकडे साताऱ्याला आले. तुम्ही काय केलंत ते त्या डिस्कवर उमटलेलं आहे, आणि मी ते तपासलं आहे.

मालकांना तुम्ही सांगितलंत, “डिस्कच गेल्या होत्या, मी काय करणार?” हे धडधडीत खोटं आहे. चारही डिस्क ठणठणीत आहेत, एकीवरही खराब सेक्टर नाही. मात्र प्रत्येक डिस्कचा सुरुवातीपासूनचा १४ टक्के भाग शून्यांनी भरलेला आहे आणि चारही डिस्कवर ती शून्यं एकाच जागी थांबतात. खराब झालेली डिस्क अशी जात नाही. कुणीतरी रेड कार्डाच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून चालवणाऱ्या कार्डाच्या, मेनूत शिरून ‘फुल इनिशिअलाइज’ला होकार दिला, की असं होतं. तुम्ही चहाला खाली उतरला होतात. स्क्रीनवर टक्का चढताना बघून मालकांनी आरडाओरडा केला नसता, तर उरलेला भागही गेला असता.

तुम्हाला थांबायला तीन जागा होत्या, आणि त्या तिन्ही ठिकाणी तुम्ही थांबला नाहीत, हा माझा राग आहे.

नवं कार्ड जुन्याच कंपनीचं, त्याच घराण्यातलं होतं. अशा कार्डाला दुसऱ्या मशिनमधून आलेल्या डिस्क दिसल्या की ते सुरू होतानाच विचारतं: परकी कॉन्फिगरेशन सापडली आहे, आत घ्यायची असेल तर ‘एफ’ दाबा. कोणती डिस्क कितवी, डेटा ज्या पट्ट्यांत डिस्कवर वाटलेला असतो त्यांचा आकार किती, ही सगळी माहिती डिस्कवरच लिहिलेली असते. एक कळ दाबली असती तर सगळा डेटा जसाच्या तसा दिसला असता. तुम्ही ‘परकी’ शब्दाला बिचकलात आणि ती कॉन्फिगरेशन पुसलीत. तरीही डेटाला धक्का लागला नव्हता. मग त्याच चार डिस्कवर नवी रेड ५ बांधलीत. तेव्हासुद्धा हात आवरला असतात, तर जाणत्या माणसाने जुना क्रम आणि जुनी मापं लावून डेटा परत उभा केला असता. तिसऱ्या पायरीला कार्डाने स्पष्ट बजावलं की सगळा डेटा नष्ट होईल. तुम्ही ‘येस’ केलंत. वाचलंत तरी का?

आणि हीच रेड विकताना, काही वर्षांपूर्वी, मालकांना तुम्हीच सांगितलं होतंत, “रेड आहे साहेब, बॅकअपची गरज नाही.” त्यांना बाहेरची मोठी डिस्क घ्यायची होती. त्यांचं मन तुम्ही वळवलंत. बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली रेडची कल्पना मांडली, तिचा मतलब साधा होता: बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या आणि त्यातली एखादी बंद पडली तरी काम अडू द्यायचं नाही. तुमच्या चार टेराबाइटच्या चार डिस्कमधून १२ टेराबाइट जागा मिळत होती. चौथ्या डिस्कएवढी जागा पॅरिटीसाठी, म्हणजे एक डिस्क गेली तर बाकी तिघींवरून तिच्यातला डेटा हिशेबाने काढता यावा यासाठी. पण माणसाने चुकून फाइल पुसली, व्हायरसने कुलूप घातलं, वीज कोसळून सगळं मशिन जळालं किंवा तुमच्यासारख्याने शून्यं लिहिली, तर पॅरिटी काही करू शकत नाही. ती शून्यंही तितक्याच इमानाने सांभाळते. हे धंद्यातल्या शिकाऊ पोरालाही पहिल्या महिन्यात कळतं. तुम्ही त्या धंद्यात दुकान मांडून बसला आहात.

आता त्या डिस्कवर काय होतं ते ऐका, कारण तुम्ही ते विचारलंच नव्हतंत. लग्नाचे अल्बम तर होतेच. पण ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मारुती चौक, गावभाग, हरिपूर रस्ता, सगळं पाण्यात. नगर वाचनालयाची जुनी पुस्तकं भिजली, आणि घराघरांतल्या कपाटांतले फोटोही. पाणी ओसरल्यावर लोक चिखलाने माखलेले अल्बम घेऊन या स्टुडिओत येत होते. मालकांनी कुणालाही परत पाठवलं नाही. प्लॅस्टिकच्या पानाला चिकटलेला फोटो ओढला की चेहरा प्लॅस्टिकवर जातो आणि हातात कोरा कागद राहतो. म्हणून ते पानासकट फोटो स्वच्छ गार पाण्यात ठेवायचे, कडेने हळूहळू सोडवायचे, दोरीवर न टांगता जाळीवर उताणे सुकवायचे आणि मग स्कॅन करायचे. पुढची बाजू, मागची बाजू. पैसे घेतले नाहीत. प्रत्येक घराचं वेगळं फोल्डर, त्यावर आडनाव, गल्ली आणि फोटोत कोण कोण आहे ते. मूळ फोटो परत गेले, पण पुढे कित्येकांना बुरशी लागली आणि लोकांनी ते नदीत सोडले. स्कॅन आहे, या भरवशावर.

तो सर्व्हर मालकांनी मुद्दाम माडीवर ठेवला होता. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं, तेव्हा त्याला थेंबही लागला नाही. कृष्णेपासून त्यांनी जे वाचवलं, ते तुमच्यापासून वाचलं नाही.

शून्यं डिस्कच्या सुरुवातीलाच का नडतात, तेही सांगतो. विंडोज सगळ्या फाइलींची नोंदवही, म्हणजे कुठल्या फाइलचं नाव काय, ती कुठल्या फोल्डरमध्ये आणि डिस्कवर नेमकी कुठे, ही वही सहसा डिस्कच्या सुरुवातीच्या भागात ठेवतं. ती वहीच गेली. मी आधी चारही डिस्कच्या हुबेहूब प्रती काढल्या, मूळ डिस्क बाजूला ठेवल्या आणि प्रतींवर काम केलं. पट्ट्यांचा क्रम जुळवला. बरेचसे फोटो निघाले. पण नावाशिवाय, फोल्डरशिवाय, नुसत्या आकड्यांनी. काही अर्धे, खालचा भाग करडा.

त्यात फौजी गणवेशातला एक तरुण आहे, मान किंचित डावीकडे, टोपीची कड भुवईवर. हा फोटो एका बाईंनी आणला होता, त्यांचं माहेर आमच्या सातारा तालुक्यातलं मिलिटरी अपशिंगे, हे मालकांना आठवतं. फोटोच्या पाठीमागे शाईने नाव, पलटण आणि साल होतं, हेही आठवतं. काय नाव, ते आठवत नाही. मागच्या बाजूचं स्कॅन तुमच्या १४ टक्क्यांत गेलं. त्या बाईंचा पत्ता त्या फोल्डरच्या नावात होता.

हे सगळं टाळायला लागत काय होतं? आधी डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि त्यातल्या दहावीस फाइली उघडून बघायच्या. नेटवर्कवरून नऊदहा टेराबाइट उतरायला साधारण एक दिवस आणि रात्र लागते. तुम्हाला तो एक दिवस द्यायचा नव्हता. मग जुन्या कार्डाच्या मेनूतल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा, डिस्कवर मार्करने क्रमांक टाकायचे, मशिन रीतसर बंद करायचं, म्हणजे कार्डाच्या मेमरीतलं न लिहिलेलं काही राहत नाही. नव्या मशिनमध्ये कॉन्फिगरेशन आत घ्यायची, आणि तपासणी पुरी होईपर्यंत जुनं मशिन भंगारात द्यायचं नाही. कार्ड वेगळ्या घराण्यातलं असेल तर डिस्क हलवायच्याच नाहीत, जुनं मशिन चालू ठेवून डेटा नेटवर्कवरून आणायचा. लिनक्सची सॉफ्टवेअर रेड असेल तर जुनी जोडायची आज्ञा वेगळी आणि नवी बनवायची वेगळी; दुसरीला हात लावायचा नाही. काही खटकलं तर थांबायचं आणि फोन करायचा. मला केला असतात तरी मी पैसे न घेता सांगितलं असतं.

मालक आता ते निनावी चेहरे छोट्या प्रिंट काढून दुकानाच्या भिंतीवर लावतात. येणारे जाणारे ओळखतात, कुणी म्हणतं ही आमची आत्या, आणि एक फोल्डर पुन्हा तयार होतं. तुमचं त्या भिंतीशी काम आहे. संध्याकाळी या, उभे राहा आणि लोक सांगतील ती नावं लिहून घ्या. आधी मालकांना सांगा की डिस्क खराब नव्हत्या.

दुसरं काम याहून तातडीचं आहे. सांगली, मिरज, कराडमधल्या ज्या ज्या दवाखान्यांना, शाळांना, पतसंस्थांना तुम्ही रेड बसवून “बॅकअपची गरज नाही” असं सांगितलंत, त्यांची यादी तुमच्या बिलबुकात आहे. पहिल्या बिलापासून सुरू करा. प्रत्येकाला फोन करा, तुमचं म्हणणं चुकीचं होतं हे सांगा आणि स्वतः जाऊन त्यांच्या डेटाची एक प्रत काढून द्या, बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवायला सांगा. मृगाआधी हे उरका. कोयनेचे दरवाजे उघडले की कुणाला वेळ नसतो.