होत आलीय

गाडी कुठली, असं जुनी गाडी जोडत बसलेल्या माणसाला चुकूनही विचारू नये. विचारलंत की पुढचा अर्धा तास तुमचा नाही. कितीला घेतली, हेही विचारू नये, कारण ते उत्तर वहिनी घरात आहेत की नाहीत यावर ठरतं. घरात असल्या तर ‘फुकटातच म्हणा ना’ असं उत्तर येतं. भाजी आणायला खाली उतरल्या असल्या तर खरा आकडा येतो, तोही दबक्या आवाजात, एक डोळा दाराकडे ठेवून.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत हा गृहस्थ स्टेशनागणिक आढळतो. ठाण्यात, नौपाड्याच्या जुन्या सोसायट्यांत, तो बहुधा स्कूटरवाला असतो. जिन्याखाली ताडपत्री दिसली तर समजावं, आत चेतक आहे किंवा लॅम्ब्रेटा, आणि तिचं हँडल माळ्यावर. कल्याणात त्याला बुलेट किंवा येझदी लागते, कारण आवाज झाल्याशिवाय कल्याणकराला गाडी झाल्यासारखी वाटत नाही. डोंबिवलीकर मात्र थेट चारचाकीला हात घालतो. डोंबिवलीला तो मानही आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता, १९९०च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ तयार व्हायची. कारखाना बंद पडला, गाड्या गेल्या, आता प्रीमियर मैदानात राजकीय सभा होतात आणि आजूबाजूला टॉवर उभे राहतात. डोंबिवलीतला मोटार उद्योग सध्या हा एकटा गृहस्थ सांभाळतो आहे. उत्पादन जरा मंद आहे, इतकंच.

आमच्या जिन्यातल्या ह्या गृहस्थाची फियाट १९७६ची आहे. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण तोंडात फियाटच. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कशी काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट ११०० कशी बनू लागली, मग तिची आधी प्रेसिडेंट आणि नंतर पद्मिनी कशी झाली, हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो. वहिनींना ते सगळं पाठ आहे. बाहेरच्या खोलीत तो ‘आणि मग १९८३ साली’ म्हणून दम घ्यायला थांबला, की आतून पोळ्या लाटता लाटता ‘मारुती आली’ असं ऐकू येतं.

पाहुणा खाली गाडी बघायला गेला की दुसरा अध्याय सुरू होतो. तो पत्र्याचा. बोटांच्या पेरांनी मडगार्डवर टकटक करून तो विचारतो, “आवाज बघा. आहे का आजकालच्या गाड्यांना असा पत्रा? पापड असतो पापड.” पाहुणा मान डोलावतो. पत्रा खरोखरच दणकट आहे. जिथे आहे तिथे. जिथे नाही तिथे लांबी भरलेली आहे, आणि तिथे टकटक करायची नाही, हे पाहुण्याला आधी सांगितलं जातं.

गाडी कधी होणार, याचं उत्तर ठरलेलं आहे: दिवाळीपर्यंत. कुठली दिवाळी, हे कुणी विचारत नाही. दिवाळीच्या पहाटे सगळी तरुण डोंबिवली नटून फडके रोडवर लोटते, तिथे ही गाडी न्यायची, असा मूळ बेत होता. ते जमलं नाही तर गुढीपाडव्याची स्वागतयात्रा. मध्यंतरी कल्याणचा पत्री पूल २०१८ साली धोकादायक म्हणून बंद झाला, पाडला, आणि नवा पूल होईपर्यंत कल्याण-डोंबिवलीकरांनी त्यावर पोटभर विनोद केले. सगळ्यांत जास्त ह्यानेच केले. २०२१च्या जानेवारीत नवा पूल सुरू झाला. डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ला बंद पडला होता, तोही त्याच वर्षी गणपतीच्या सुमारास उघडला. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पेपर घडी घालून, बातमी वर येईल अशा बेताने, त्याच्या पान्ह्यांच्या पेटीवर ठेवला.

२०२०च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता रासायनिक भुकटीने गुलाबी झाला, मुख्यमंत्री बघायला आले, वाहिन्यांवर दिवसभर तोच रस्ता दिसत होता. त्याच आठवड्यात ह्याचं रेड ऑक्साइड मारणं चाललं होतं. वहिनींनी टीव्हीकडे पाहिलं, मग ह्याच्या कोपरापर्यंत माखलेल्या हातांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “अहो, तुमचा डबा कुठे सांडला नाही ना?”

सुटे भाग हा या संसारातला खरा प्रवास. कंपनी गेली, गाडी गेली, आता भाग मिळायचा तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, भंगाराच्या ढिगांत. हा ऑफिसातून परस्पर कुर्ल्याला उतरतो. एकदा मागचा बंपर मिळाला. ओरिजिनल, क्रोम शाबूत. संध्याकाळच्या गर्दीत बंपर घेऊन साध्या डब्यात शिरणं म्हणजे मार खाण्याची सोय, म्हणून तो मालडब्यात चढला. कोळणींच्या रिकाम्या पाट्या, एकाचं कापडाचं गाठोडं, आणि हा, छातीशी बंपर धरून. ठाण्याला आणखी लोक घुसले. एका कोळणीने त्याला न्याहाळलं आणि म्हणाली, “काय रं भाऊ, गाडी पुढं गेली का तुला टाकून?” डब्याने हसून घेतलं. हाही हसला, पण बंपरची पकड सोडली नाही. मुंब्र्याच्या बोगद्यापर्यंत त्याने तिला पद्मिनीचा निम्मा इतिहास ऐकवला होता.

घरात गाडी कुठे नाही, ते सांगणं सोपं. देवघरात नाही. बाकी दाराची काच कपाटामागे आहे, बसायची पुढची लांबलचक सीट गॅलरीत आहे आणि तिच्यावर पापड वाळतात. डॅशबोर्ड पलंगाखाली. वहिनींच्या जुन्या सुती साड्या फडकी होऊन पितळ-क्रोम चमकवायला गेल्या. एक स्टीलचं पातेलं रॉकेलात भाग भिजवायला गेलं आणि ते आता घरात परत घेतलं जात नाही.

एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्याने कार्ब्युरेटर खोलला होता. पितळेचा जेट, करंगळीच्या नखाएवढा, त्याला मधोमध डोळ्याला दिसेल न दिसेल असं भोक. तेवढ्यातून पेट्रोल जातं आणि तेवढंच तुंबतं. त्यात सुई किंवा तार घातली तर भोक मोठं होतं, मग गाडी पेट्रोल ढोसते, म्हणून जुने मेकॅनिक ब्रशचा केस घालून साफ करतात. ब्रशचा केस आखूड पडला. त्याने वर बघून हाक मारली, “अगं, तुझा एक केस दे ना. लांब बघून.” वहिनी आल्या. वेणी पुढे घेऊन एक केस उपटून त्यांनी दिला. त्याने तो उजेडात धरला, दोन बोटांत ओढून बघितला आणि समाधानाने म्हणाला, “मजबूत आहे.” वहिनी नंतर आमच्याकडे वाटी परत करायला आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, “लग्नानंतर माझ्या केसांचं कौतुक झालं ते हे एवढंच.” ओवलेला केस पलीकडून निघाला होता, जेट मोकळा झाला होता, तेव्हा तक्रार तरी कशाची करायची!

या मंडळींवर लिहिणारे बायकोला नेहमी कजाग रंगवतात. लाटणं, माहेर, आदळआपट. मला ते खरं वाटत नाही, निदान आमच्या जिन्यात तरी नाही. कजाग बायकोच्या घरात ही गाडी दोन महिने टिकली नसती, आणि नुसत्या सोशिक बायकोच्या घरात ती हॉलमध्ये आली असती. वहिनींचा संयम ही जन्मजात देणगी नाही, चोख व्यवहार आहे. दूध, गॅस, इस्त्री यांच्या वहीत ‘गाडी’ म्हणून एक रकाना आहे. आणि पैशांपेक्षा त्या वेळेचा हिशेब ठेवतात. तो जितका वेळ गाडीखाली, तितका वेळ घर त्याच्या अंगावर. रविवारी सकाळी तो जॅक लावून आडवा होतो, दुपारी खिचडी लावतो, आणि वहिनी मैत्रिणींबरोबर सावित्रीबाई फुले कलामंदिरात तिसऱ्या रांगेत असतात. गाडी सुरू झाल्यापासून (म्हणजे काम सुरू झाल्यापासून) त्यांचं एकही नवं नाटक चुकलेलं नाही. डोंबिवलीत नाटकाला गर्दी का होते, याचं श्रेय रसिकतेला देणाऱ्यांनी अशा दहा-वीस फियाट आधी मोजाव्यात.

आता, गाडी कधी सुरूच झाली नाही असं नाही. झाली होती. एका संध्याकाळी रिक्षास्टँडवरून उसनी बॅटरी आली, चोक ओढला, दोनदा खोकल्यासारखं झालं आणि १०८९ सीसीचं इंजिन धडधडायला लागलं. धूर इतका की पहिल्या मजल्याने खिडक्या लावल्या. सगळी विंग खाली आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, सेक्रेटरींनी सोसायटीच्या नियमाचा विषय त्या दिवसापुरता काढला नाही. वहिनी वरून नारळ घेऊन आल्या. हा मात्र बॉनेटवर वाकून, डोळे मिटून ऐकत होता. चेहऱ्यावर आनंद नव्हता, कपाळाला आठी होती. वहिनी नारळ फोडायला खाली बसल्या, तेवढ्यात त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

“टॅपेटचा आवाज येतोय,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा खोललं गेलं. नारळाची वहिनींनी चटणी केली. ते इंजिन आजतागायत पूर्ण जोडलेलं नाही. मी त्याला एकदा विचारलं होतं, की जरा टॅपेट वाजलं असतं तर काय बिघडलं असतं? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भीमसेनांच्या मैफलीत तंबोरा थोडा उतरला तर काय बिघडतं, असं विचारलं होतं.

२०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम काढले, तेव्हा त्याला पहिल्यांदा राजाश्रय मिळाल्यासारखं वाटलं. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झाली की गाडी व्हिंटेज. नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरं. “अगं, २०२६ला आपली बसते त्यात!” वहिनींनी चष्मा लावून पुढचं वाचायला घेतलं. गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नको.

“फेरफार कसला? इंजिन पेटीत आहे तसंच आहे,” तो म्हणाला.

नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची.

“म्हणजे आत्ता उभी आहे तशीच उभी ठेवायची,” वहिनी म्हणाल्या, “फक्त वीस हजार भरून.”

“दुरुस्तीला नेता येते ना!” तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच आनंद झाला होता.

गेल्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला गेली. डोंबिवलीत पुनर्विकास ही आता लग्नासारखी गोष्ट आहे, आज ना उद्या प्रत्येक इमारतीचा होतोच. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची. बाकी सगळे स्टेशनजवळ वन बीएचके शोधत होते. हा नुसताच हताश होऊन गाडीभोवती फिरत होता. एजंटांना फोन वहिनींनी केले. माणसं किती, या प्रश्नाला त्या “दोन” म्हणायच्या, आणि मागे आवार आहे का, असं स्वतः विचारायच्या. तिसऱ्या की चौथ्या एजंटाने जुन्या डोंबिवलीतलं तळमजल्याचं घर दाखवलं. घराला ओल होती, पाणी एक वेळ. मागे मात्र आवार होतं, वर पत्रे घातलेलं. वहिनींनी मापाची फीत काढून आवार आधी मोजलं, स्वयंपाकघर नंतर.

गाडीचं धूड टोइंगवाल्याने नेलं. उरलेली गाडी टेम्पोत भरायला सकाळ गेली. दारं, बॉनेट, दोन रेडिएटर, तीन स्टिअरिंग, सीट, बंपर, गोण्याच गोण्या. प्रत्येक गोणीवर वहिनींच्या ठसठशीत अक्षरांतली चिठ्ठी: ‘ब्रेक, पुढचे’, ‘नट-बोल्ट, गाडीचे’, ‘नट-बोल्ट, कशाचे ते यांना विचारणे’. टेम्पोवाला सातव्यांदा वर येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“ताई, गाड्या तरी एकूण किती हो?”

“एकच,” वहिनी म्हणाल्या. “आणि ती निळी गोणी आडवी टाकू नका. मागची काच आहे तिच्यात, कुर्ल्यालासुद्धा मिळत नाही.”