साखरपुडा मोडला, हप्ता मोडेना

अहो, इकडे या जरा कुंपणापाशी. कढीपत्ता तोडायचं निमित्त करा, म्हणजे समोरच्या गच्चीवरून कुणी बघितलं तरी... हां, तसंच. ऐकलंत का? निळ्या फाटकवाल्यांची गाडी गेली! म्हणजे त्यांच्या धाकटीची. म्हणजे तिची तरी कुठं, त्या मुलाची. आता गाडी नक्की कुणाची, ह्यावरच तर चार महिने त्या घरात महाभारत चाललं होतं!

साखरपुडा मोडला ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी मोडला, का मोडला, त्यात मी पडत नाही. मुलाच्या आईनं मोडला, पण ते जाऊ द्या. मोडल्यावर देणंघेणं मात्र कसं शिस्तीत झालं, वहिनींनी स्वतः सांगितलं मला. अंगठी परत. शालू परत, घडीसुद्धा न मोडलेला. चांदीचं तबक परत. अहो, मिठाईचे डबेदेखील धुऊन पुसून परत! वहिनी हात झटकून म्हणाल्या, "सुटलो बाई एकदाचे."

कसल्या सुटतायत. पंधरा दिवसांनी धाकटी गेली बँकेत, कोलार रोडला फ्लॅट बघितला होता ना तिनं, त्याच्या कर्जाचं विचारायला. स्वतःच्या पगारावर हो, एमपी नगरातल्या ऑफिसात चांगली टिकून आहे ती. तर खिडकीतल्या मुलानं कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, "मॅडम, आपका तो एक कार लोन चल रहा है. और पिछले महीने की किस्त भी लेट है."

कार लोन! जिला सायकलसुद्धा वळवता येत नाही नीट, तिला!

घरी आली तेव्हा चेहरा असा पांढराफटक. मी तेव्हा तिथंच होते, भरल्या मिरच्यांची बरणी परत द्यायला गेलेले. भाऊजी पेपर वाचत होते. त्यांच्या हातातला पेपर हळूहळू खाली आला, खाली आला, आणि मांडीवर टेकला. तोंडातून शब्द नाही.

तर काय सांगत होते... गाडी घेतली तेव्हा लग्न ठरलेलंच. मुलाचा पगार कर्जाला थोडा कमी पडत होता. शोरूममधला म्हणाला, मॅडमची सॅलरी स्लिप लावा, काम होऊन जाईल. हिनं सह्या केल्या. कुणी पेन्सिलीनं बारीक बारीक फुल्या मारून दिल्या होत्या, तिथं तिथं. हिला वाटलं, साक्षीदार म्हणून घेतायत. निघाली सह-कर्जदार! आरसीवर नाव त्याचं, किल्ली त्याच्या खिशात, आणि हप्ता चुकला की डाग दोघांच्या सिबिलला. तीनशेपासून नऊशेपर्यंत मार्क असतात म्हणे त्यात. त्याचा हप्ता चुकला की हिचे मार्क कापले जातात, हिला कुणी विचारतसुद्धा नाही.

मग भाऊजींनी काय केलं असेल? तुम्ही हसू नका. बँकेला अर्ज लिहिला, मराठीतून आधी, मग हिंदीतून, की माझ्या मुलीचा सदर गाडीशी आणि सदर मुलाशी आता संबंध उरलेला नाही, तरी तिचं नाव कमी करावं. आणि सोबत पुरावा म्हणून काय जोडलं, तर साखरपुड्याच्या आमंत्रणाची झेरॉक्स, वर लाल शाईनं 'रद्द' लिहून! मॅनेजर भला माणूस. त्यानं पाणी मागवलं, चहा मागवला आणि म्हणाला, "अंकल, रिश्ता आपका टूटा है, लोन नहीं टूटा."

वहिनी रडल्या ते ऐकून. मी नाही रडले, पण गंमत वाटली म्हणावं तर तसंही नाही... 

शेवटी आपल्या तळमजल्यावरच्या बँकवाल्या काकांना बोलावलं. पस्तीस वर्षं कर्ज खात्यात काढलेला माणूस, रिटायर झाल्यापासून कुणी काही विचारतच नव्हतं. असे फुलले म्हणता! म्हणाले, "हे बघा, आपल्या स्टेशनचं नाव 2021 मध्ये बदललं, राणी कमलापती झालं. तरी रिक्षावाल्याला तुम्ही काय सांगता? हबीबगंजच ना? तसंच आहे. तुम्ही घरी बसून म्हणाल नाव काढलं, पण बँकेच्या लेखी जे आहे ते आहे." मग म्हणाले, कायदा 1872 चा आहे, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट. दोघांनी मिळून वचन दिलं असेल तर बँक दोघांपैकी कुणालाही धरून अख्खा पैसा मागू शकते. नंतर आपापसात वाटणी करा नाहीतर भांडा.

धाकटी म्हणाली, "काका, मी नुसती जामीन राहिले असते तर?" ते म्हणाले, तरी तेच. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, कलम 128. बिहारमधल्या एका बँकेची केस होती, दामोदर प्रसादांची. खालच्या कोर्टानं म्हटलं होतं, आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग जामीनदाराकडे जा. सुप्रीम कोर्टानं 1968 मध्ये ते उडवून लावलं. बँकेनं थांबायचं कारण नाही म्हणाले.

हे ऐकताना आमचे हे शेजारीच बसले होते. एकदम उठले, मोटार चालू राहिलीय टाकीची, म्हणून घरी आले. मोटार बंदच होती. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण ते नंतर.

तर बैठक ठरली. निळ्या फाटकात. खुर्च्या आमच्या, म्हणून मला जावंच लागलं, नाहीतर मी कुणाच्या घरच्या भानगडीत... असो. मुलगा आला, त्याची आई आली, बरोबर एक मामा. आईनं बसायच्या आधीच सुरू केलं, "गाडी आमच्या मुलाच्या नावावर आहे. तुमचा काय संबंध?" तर काका अगदी शांतपणे, पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले, "अगदी बरोबर, ताई. मग कर्जही एकट्याच्याच नावावर करून घ्या ना. दुसऱ्या बँकेतून नवीन काढा, हे फेडून टाका, मुलीचं नाव आपोआप सुटतं." बाईंचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. मुलगा चपलांकडे बघत बसलेला. एकट्याच्या पगारावर मिळालं असतं तर आधीच नसतं का घेतलं!

मग मामा पुढे सरसावले. म्हणे, मुलीच्या जागी मी सही करतो. काकांनी विचारलं, "रिटर्न भरता का हो?" मामा पोहे छान झालेत म्हणाले.

मग आईनं हुकमाचा पत्ता काढला. "आम्ही गाडी चालू हप्त्यावर देऊन टाकतो ओळखीतल्या एकाला. तो भरेल पुढचे. कागदबिगद कशाला, माणूस घरचाच आहे." वहिनींनी मान डोलवायला सुरुवातही केली होती हो! काकांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "ताई, ह्यात मुलीचं नाव जसंच्या तसं राहतं, ते सोडा. तुमच्या मुलाचं सांगतो." आणि मग त्यांनी एक केस सांगितली. एकानं 2007 मध्ये गाडी विकली. ती पुढे आणखी हात बदलत गेली, आरसी मात्र कुणी बदलली नाही. 2009 मध्ये अपघात झाला, एक पोर गेलं. गाडी चालवणारा वेगळा, विकत घेतलेला वेगळा. आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं भरपाई कुणाच्या गळ्यात घातली? ज्याचं नाव आरसीवर होतं त्याच्या! "आणि इथं," काका म्हणाले, "आरसीवर नाव कुणाचं आहे, तुम्हीच आत्ता सांगितलंत."

अहो, शांतता! बाहेर भाजीवाल्याचा भोंगा तेवढा ऐकू येत होता. बाईंनी पदर सारखा केला. मुलानं पहिल्यांदा वर बघितलं आणि म्हणाला, "विकून टाकू या, आई."

धाकटीचं मला इथं कौतुक वाटलं. तिनं बँकेतून गाडी पुरती फेडायला किती लागतील त्याचं पत्र आधीच आणवून ठेवलं होतं, त्या दिवसाच्या व्याजासकट. गाडीचं कर्ज फिक्स रेटचं, म्हणून मुदतीआधी बंद करण्याचा आकारही त्यात होता. एकूण सहा लाख बेचाळीस हजार. आणि जुन्या गाड्यांचा डीलर देत होता सहा लाखाला घासून. मधले बेचाळीस हजार कुणी भरायचे? तिथं पुन्हा भडका! मुलाची आई म्हणते, हिंडायला दोघं जात होती. धाकटी म्हणाली, "दोनदा बसले मी त्या गाडीत, काकू. एकदा भोजपूरच्या देवळाला आणि एकदा तुम्हाला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायला."

गुडघ्याचा उल्लेख आला आणि बाई विरघळल्या की काय कोण जाणे, पण अर्ध्यावर तडजोड झाली. एकवीस एकवीस हजार. त्यातही पोरीनं सांगितलं, मी त्याच्या हातात एक पैसा देणार नाही, थेट कर्ज खात्यात भरीन आणि पावती घेईन. वहिनी मागून खुणा करतायत, कशाला इतकं ताणतेस. मी मात्र मनात म्हटलं, शाब्बास.

पुढचं सगळं कागदाचं. डीलरनं पैसे सरळ बँकेत भरले, बँकेनं नो ड्यूज आणि एनओसी दिली, फॉर्म 35 वर सही-शिक्का झाला आणि आरसीवरचं बँकेचं नाव उतरलं. एचपी कटली म्हणतात इथं. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे म्हणे 2023 पासूनचा, पैसे फिटले की तीस दिवसांत बँकेनं बोजा उतरवायचा, नाहीतर दिवसाला पाच हजार द्यायचे. मग 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून नाव बदललं. काका प्रत्येक कागदाची झेरॉक्स मागत होते. महिन्यानं सिबिल काढून बघितलं, गाडीच्या कर्जापुढे 'क्लोज्ड' लिहिलेलं. तो एक चुकलेला हप्ता मात्र तसाच दिसतोय अजून. तो लगेच पुसत नाहीत म्हणे. म्हणजे फ्लॅट जरा लांबला. पण काल सकाळी डीलरचा माणूस गाडी घेऊन गेला तेव्हा फाटकात उभी राहून बघत होती धाकटी. रडली नाही. त्याला म्हणाली, "भैया, पीछे की सीट के नीचे मेरा छाता है, वो दे दो."

आणि आता आमचं ऐका. काका म्हणाले होते, प्रत्येकाला वर्षातून एकदा आपला क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो. मी म्हटलं, बघू तरी ह्यांचा. हे म्हणाले, काय गरज आहे. म्हटलं, का नाही? तर पाणी प्यायला उठले! शेवटी लेकीनं मोबाइलवर काढून दिला. त्यात काय असेल? एक मोटारसायकल! आमच्याकडे कुठली मोटारसायकल? ह्यांच्या भाच्याची, इंदूरची. दोन वर्षांपूर्वी लग्नाला गेलो होतो ना, तेव्हा मांडवात सही करून आलेले, मला न सांगता. आणि मागचे दोन हप्ते थकलेले.

मी एक शब्द बोलले नाही. फक्त भाच्याला फोन केला आणि सांगितलं, येताना कर्जाचे सगळे कागद घेऊन ये. उद्या सकाळच्या गाडीनं येतोय. काकांनाही पोह्यांचं सांगून ठेवलंय. तुम्ही दहाच्या सुमाराला इथंच कढीपत्त्यापाशी असा, खुर्च्या ह्या वेळी तुमच्या लागतील.