थंडीतली माडी

रत्नागिरीत थंडी पडते यावर घाटावरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. पण पौषातल्या पहाटे पारा १७-१८ अंशांवर आला की आमच्याकडे कानटोप्या निघतात आणि माणसं मान वर करून चालू लागतात. थंडी टिकली तर कलमं मोहरणार, मोहोर टिकला तर मे महिना बरा जाणार. या दिवसांत तापमान बघायला हवामान खात्याकडे जाऊ नये, बागायतदाराच्या तोंडाकडे बघावं. कलमांच्याही वर, माडाच्या शेंड्याला, याच थंडीत आणखी एक पीक उतरत असतं. त्याविषयी मात्र चारचौघांत कुणी बोलत नाही.

माझा भाचा नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये, ग्रनोबलला असतो. हिवाळ्यात सगळं जग तिथे आल्प्सवर घसरायला जातं, तेव्हा हा सावॉयच्या उतारांवर छोट्या वाइनवाल्यांची तळघरं हिंडतो. तोडणी केव्हाच झालेली असते, वेलींचे काळे बुंधे बर्फात उभे असतात आणि वाइनवाल्याला गप्पांना सवड असते. ही वाइन साधीसुधी नाही, ‘नॅचरल’. बाहेरचं यीस्ट घालायचं नाही, गाळायचं नाही, गंधकाला जमेल तेवढं लांब ठेवायचं. द्राक्षाच्या सालीवर आणि तळघरात जे यीस्ट आपसूक असेल त्याच्यावर भार टाकून स्वस्थ बसायचं. बोजोलेतल्या ज्यूल शोव्हे नावाच्या रसायन जाणणाऱ्या वाइनवाल्याला या पंथाचा मूळपुरुष मानतात, आणि २०२० साली फ्रान्सने अशा वाइनला अधिकृत चिठ्ठी लावायची सोयही केली. पेल्यात ती गढूळ दिसते. वास कधी सफरचंदाचा येतो, कधी चक्क गोठ्याचा, आणि गोठ्याचा आला की दर्दी माणूस जास्त खूश होतो. भाच्याच्या आईने, म्हणजे आमच्या ताईने, जन्मभर गोठा झाडला. तिला हे सांगायची सोय नाही.

“मामा, तिथे कुणी काही म्हणजे काही घालत नाही,” सुट्टीत इकडे आलेला भाचा डोळे मिटून म्हणाला.

“उद्या पहाटे ऊठ,” मी म्हटलं.

भाट्याचा पूल ओलांडला की प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र लागतं. माडाला नारळ जास्त कसे धरतील याचा विचार तिथे १९५५ पासून चालू आहे. आम्ही गेलो तो माड विरुद्ध पक्षातला. ज्या पोईची, म्हणजे फुलोऱ्याची, माडी काढली तिला नारळ धरत नाही. मालकाने काय ते एकदा ठरवायचं.

माडीवाला वरच होता. खोडाला पाडलेल्या खाचांत पाय रोवून, कमरेला कोयती. पोय उमलायच्या आत दोरीने आवळून बांधायची, तिला हलक्या हाताने ठोकून ठोकून मऊ करायची, टोकाचा पातळ काप काढायचा आणि खाली मडकं अडकवायचं. काप जाड गेला तर पोय लवकर संपते. काढलाच नाही तर टोक सुकून रस अडतो. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ वर चढणं आलं. घातलेलं काहीच नाही. मडक्याला कालचं यीस्ट चिकटलेलं असतं, तेवढ्यावर रस ठिबकता ठिबकताच आंबू लागतो. उन्हाळ्यात दुपारपर्यंत ती चांगली चढते आणि लवकरच व्हिनेगरच्या वाटेला लागते. थंडीत तिला घाई नसते, म्हणून सकाळची माडी गोड. मडक्याला आतून चुना फासला तर रस आंबत नाही. ती नीरा, तिला गांधीवाद्यांचाही आशीर्वाद. आमच्याकडे सभ्यता आणि असभ्यता यांच्यात अंतर बोटभर चुन्याचं.

भाचा सांगत होता, सावॉयमध्ये तळघराच्या भिंतीवर पणजोबांचा फोटो असतो आणि येणारा-जाणारा त्यापुढे अदबीने उभा राहतो. इथे फोटो लावायचे तर भिंत पुरायची नाही. १६७९ साली खांदेरीवर इंग्रजांना झुंजवणारे मायनाक भंडारी माडी काढणाऱ्या भंडारी समाजाचे, १९३१ साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभं करणारे भागोजीशेठ कीरही याच समाजाचे. पण माडी म्हटली की गावाला आठवतं ते कुंपणामागचं गिऱ्हाईक. साहेबाने तर १८७८ च्या अबकारी कायद्याने माडावरचा कर असा वाढवला की झाडावर चढण्याआधी कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. आता त्याच गावात फ्रान्सची रिकामी बाटलीसुद्धा दिवाणखान्यातल्या कपाटात दिसेल अशी ठेवतात. मी नावं घेणार नाही, एक कपाट आमच्याच घरात आहे.

मडकं खाली आलं. फडक्यातून गाळलेली माडी स्टीलच्या पेल्यात ओतली गेली. पांढुरकी, वर बारीक फेस. भाच्याने पेला उजेडाकडे धरला, गोल फिरवला, नाक आत घातलं.

“मुंगी हाय काय?” माडीवाल्याने काळजीने विचारलं.

भाच्याने घोट घेतला आणि बराच वेळ बोलला नाही. मग एक बाटली भरून मुंबईला न्यायचं त्याच्या मनात आलं. माडीवाला म्हणाला, “बूच घट्ट लावलंत तर चिपळूनच्या आधी उडंल.” तळघर, साल, वय, हे सगळे लाड द्राक्षांचे. हिची जन्मतारीख आजची सकाळ आणि जेवणवेळेपर्यंत ती प्रौढ.

परतताना भाच्याने, बहुधा आदर म्हणून, तिकडचे भाव सांगितले. बरी बाटली ३५ युरोंना, म्हणजे आपल्या तीन हजारांच्या वर.

माडीवाल्याने कोयती पुसता पुसता हिशेब ऐकला. “आनि तितं वर चढतो कोन?”

“वर कुठे? वेल असते. कमरेएवढी.”

“मग पैशे कसले घेतात?”